अर्थ मिळत नाहीये

सिग्नलला थांबले होते. मागून एक स्कूटर हळूच पुढे सरकून खिडकीशी आली आणि स्कूटरवरच्या बाईंनी काचेवर बोटाने टकटक केलं. काच खाली केली तर हेल्मेटच्या आतून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही ब्रेक दाबला की तुमचा उजवा इंडिकेटर लागतो. मिणमिणता. मला वाटलं तुम्ही वळताय, म्हणून मघाशी मी मागेच थांबून राहिले." मी काही बोलायच्या आत सिग्नल सुटला आणि त्या गेल्यासुद्धा. बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्याची कॉलर आत दुमडली गेलीय हे सांगावं, तितक्या सहज त्यांनी सांगितलं होतं. पण घरी येईपर्यंत दर वेळी ब्रेकवर पाय ठेवला की माझ्यामागे कोणीतरी थबकलंय असं वाटत राहिलं. मी सरळ जात होते आणि माझी गाडी मागच्याला सांगत होती की ही उजवीकडे वळतेय. खरं तर मला कळायला हवं होतं. रात्रीच्या वेळी ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा हिरवा बाण अगदी फिकट उजळायचा, काजव्याच्या पोटासारखा. दोन-तीनदा पाहिलं होतं मी. जुनी गाडी आहे, असं काहीबाही चालायचंच, म्हणून सोडून दिलं होतं. मागून येणाऱ्याला यातलं काय दिसत असेल, हा विचार मनाला शिवलाच नाही. त्या बाईंच्या दोन वाक्यांनी जी टोचणी लागली ती आठवडाभर गेली नाही.

गाडी बाबांची. पंचवीस वर्षांची. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गाडी ठेवायचीच असं कोणी ठरवलं नव्हतं. विकली गेली नाही, इतकंच. तिचा रंग उन्हाच्या बाजूने उडालाय, मागची एक काच अर्ध्यावर अडकते, पण इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. रविवारी मी डिक्की उघडली, आतलं अस्तर बाजूला केलं आणि सगळे करतात तेच पहिल्यांदा केलं: बल्ब बदलला. मागच्या दिव्यात ब्रेकला आणि पार्किंगला मिळून एकच बल्ब असतो, एका काचेत दोन तारा, एक २१ वॅटची आणि एक ५ वॅटची. त्याच्या बुडाशी असलेल्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. जुना बल्ब काढला, काच जराशी काळवंडली होती. नवा बसवला, वायरी दिव्याला जोडणारा प्लास्टिकचा कपलर ओढून परत दाबला, आणि सगळं ठीक झालं. दोन दिवस ठीक राहिलं. तिसऱ्या दिवशी रात्री हिरवा बाण पुन्हा काजव्यासारखा उजळला. बल्बचा दोष नव्हताच. कपलर काढून घालताना आतले दोन धातू एकमेकांवर घासले गेले होते आणि त्या घासण्याने दोन दिवसांपुरती वाट मोकळी झाली होती.

लहानपणी मी बाबांच्या मागे टॉर्च धरून उभी असायचे. माझं काम तेवढंच, आणि तेही मला धड जमायचं नाही, कारण थोड्या वेळाने माझं लक्ष उडायचं आणि टॉर्चचा झोत त्यांच्या हातावरून सरकून भलतीकडे जायचा. ते न रागावता माझं मनगट धरून झोत जागेवर आणायचे. असंच एकदा मागच्या दिव्यात डोकं घालून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "अर्थ मिळत नाहीये." मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. शब्दार्थ, अर्थ सांगा, अर्थपूर्ण वाक्यात उपयोग करा, एवढाच अर्थ मला माहीत होता. दिव्यालाही अर्थ लागतो आणि तो मिळाला नाही तर दिवा लागत नाही, हे मी पूर्ण खरं मानलं. हा अर्थ म्हणजे जमीन, अर्थिंग, हे कळायला पुष्कळ वर्षं गेली. कळल्यावर थोडं वाईटच वाटलं होतं. आता डिक्कीत वाकून तेच वाक्य माझ्या तोंडून आलं, स्वतःशीच, आणि टॉर्च धरायला कोणी नव्हतं.

गाडीत करंट दिव्यापर्यंत नेण्यासाठी वायर असते, परत आणण्यासाठी बहुतेक ठिकाणी नसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि दिव्यातून निघालेली एक आखूड काळी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. मागच्या दिव्याच्या एका कप्प्यात ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर, रिव्हर्स असे चार दिवे आणि चौघांना मिळून परतीची ती एकच काळी वायर. ती वाट अडली की करंट थांबत नाही, आडवाटेने जातो. ब्रेकच्या तारेतून आलेला करंट काळ्या वायरीत शिरायला बघतो, तिथे नीट जाता येत नाही, मग शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमध्ये तो उलट्या बाजूने घुसतो, इंडिकेटरच्या वायरीने गाडीची सगळी लांबी चालून पार पुढच्या बंपरपर्यंत जातो, तिथल्या बल्बमधून उतरतो आणि पुढच्या पत्र्याला मिळतो. वाटेतले बल्ब अर्धेमुर्धे तापतात. त्या बाईंना दिसला तो हा मिणमिणता उजेड. दिवा खोटं बोलत नव्हता, घरी परतायला वाट शोधत होता. हे समजल्यावर माझा राग कमी झाला, टोचणी मात्र तशीच राहिली.

व्होल्ट आणि ओहम मोजायचा मीटर लावला. इथेही आधी चूक केली. मीटर बझरवर ठेवून एक पिन दिव्याच्या अर्थला आणि दुसरी पत्र्याला लावली. बझर खणखणीत वाजला. म्हणजे जोड चांगला आहे, असं वाटून मी अर्धा तास भलतीकडेच शोधत बसले. बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. आणि २१ वॅटच्या बल्बचा तापलेला असतानाचा स्वतःचा रोध किती, तर जेमतेम सात ओहम. त्याच्या परतीच्या वाटेत तीन ओहम जरी अडकले तरी व्होल्टेजचा मोठा लचका तिथेच तुटतो, आणि बझर मात्र आनंदाने वाजत राहतो. ओहमने आपला नियम १८२७ साली छापला, शाळेत तो आपण सगळ्यांनी घोकलेला असतो. पण वाहता करंट नसेल तर जोडाची परीक्षा होत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी गुडघे दुखेपर्यंत वाकून शिकावी लागली. जोडावर ओझं टाकून बघायला हवं. म्हणजे ब्रेक दाबलेला असताना, करंट वाहत असताना, त्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजायचं. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आत.

पण ब्रेक कोण दाबणार? आधी एक काठी घेतली, सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवली. डिक्कीपाशी येईपर्यंत ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा काठीचा खडखडाट झाला तेव्हा आई बाहेर आली. तिने काठी उचलून भिंतीला लावून ठेवली, दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली, साडी सारखी केली आणि म्हणाली, "बोल."

आई गाडी चालवायला कधी शिकली नाही. पण ब्रेक कसा दाबून धरायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी टॉर्च धरायचे तेव्हा ती पुढे बसलेली असायची. बाबा मागून ओरडायचे, "दाब!" आणि मग, "सोड!" कधी "अर्धा सोड" असंही म्हणायचे, आणि ती पेडल अगदी तेवढंच वर आणायची जिथे दिवा विझतो की नाही अशा टोकावर असतो. एक गोष्ट मला विशेष आठवते. बाबा "दाब" म्हणायचे आणि दिवा लागला की कितीतरी वेळ "सोड" म्हणायला विसरायचे. मागे भिंत होती, तिच्यावर लाल उजेड पडायचा, आणि ते हातातला पाना तसाच धरून त्या भिंतीकडे बघत राहायचे. आई पुढून विचारायची, "सोडू?" ते म्हणायचे, "थांब जरा."

"दाब," मी म्हटलं.

काळी पिन स्वच्छ पत्र्याला, लाल पिन दिव्याच्या अर्थच्या पत्तीला. मीटरने ३.७ दाखवलं. डावीकडच्या दिव्याला तेच करून पाहिलं तर ०.०६. बॅटरीचे बारा व्होल्ट धरले तर उजव्या बल्बच्या वाट्याला साडेआठच्याही आत उरत होते. तारेच्या बल्बचं गणित फार कडक असतं. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी पडतो. इथे व्होल्टेजच तीस टक्क्यांनी पडलं होतं, म्हणजे उजेड तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. माझा उजवा ब्रेक लाइट कित्येक महिने ब्रेक लाइट नव्हताच, एक विझू घातलेला निखारा होता, आणि त्याच्या शेजारी नको तो इंडिकेटर. मी टप्प्याटप्प्याने पिन मागे सरकवत नेली. कपलरच्या अलीकडे ३.७, कपलरच्या पलीकडे वायरीवर ०.९. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये २.८ व्होल्ट नाहीसे होत होते. "सोड." बोट लावून पाहिलं तर कपलर कोमट लागला. जो उजेड मागच्या माणसाला दिसायला हवा होता तो इथे ऊब होऊन बसला होता.

कपलर उघडायला दहा मिनिटं लागली. जुनं प्लास्टिक काचेसारखं होतं, कडक आणि तोंडाळ. जरा जोर जास्त झाला की टक्कन उत्तर देतं. बारीक स्क्रूड्रायव्हरने क्लिप उचलली, वायरीला न ओढता कपलरच्या अंगाला धरून हलवत हलवत सोडवला. आत पाच पत्त्या. चार मळकट पण बऱ्या. पाचवी, काळ्या वायरीची, मोरचुदाच्या रंगाची झालेली. निळसर हिरवी भुकटी कडेकडेने फुलून आलेली, मध्ये काळा थर, आणि जिथे दुसरी पत्ती टेकते तिथे एक बारीक तपकिरी ओरखडा. टाचणीने खरवडलं तर भुकटी नखावर पडली, कोरडी, कुरकुरीत. वास काहीच नाही. मेकॅनिक लोक यालाच "कार्बन आलाय" म्हणतात, पण हा कार्बन नव्हे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: कळकणं. लोखंड गंजतं, तांबं-पितळ कळकतं. भांड्यांच्या बाबतीत हा शब्द ऐकत मोठी झाले, पण गाडीच्या पोटात तोच कळंक बसलेला पाहिल्यावर मला ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

आणि मग भिंगातून पाहिलं तेव्हा दुसरी एक गोष्ट दिसली.

कपलरमधली पत्ती पितळेची असते आणि तिच्यावर कथिलाचा मुलामा असतो, काही मायक्रॉन जाडीचा. म्हणजे कल्हईच. भांडं कळकू नये म्हणून करतात ती, त्याच कारणासाठी, तोच धातू. शेजारच्या चार पत्त्यांवर ती कल्हई अजून होती, मंद राखाडी. या पाचव्या पत्तीवर नव्हती. तिच्यावर लांबीच्या दिशेने शेकडो बारीक रेघा होत्या, एकमेकींना समांतर, आणि रेघांच्या तळाशी पिवळं पितळ. या रेघा कशाच्या ते मला लगेच कळलं. बाबांच्या हत्यारांच्या डब्यात झिरो पॉलिश पेपरचे घडी घातलेले तुकडे अजून आहेत, त्यांच्या घडीच्या जागा पांढऱ्या पडलेल्या. मी आईला विचारलं, "बाबा हा कपलर घासायचे?" ती सीटवरूनच म्हणाली, "दर वर्षी. पावसाच्या आधी. मी ब्रेक दाबून बसायचे आणि हे मागे घासत बसायचे. उजवीकडचा दिवा मंद होतो म्हणायचे. घासला की लखलखीत व्हायचा."

व्हायचाच. कळंक निघायचा, खालचं चकचकीत पितळ वर यायचं, दिवा लखलखायचा. आणि त्याबरोबर कल्हईचा एक पापुद्रा कागदावर निघून जायचा. पुढच्या वर्षी उघडं पितळ आणखी लवकर कळकायचं, मग ते आणखी नेटाने घासायचे. दर वर्षी कपलर ओढून काढल्याने पत्तीला धरून ठेवणारा स्प्रिंगचा चिमटाही सैल होत गेलेला. सैल जोड गाडीच्या हादऱ्यांनी केसभर हलत राहतो, हलला की पृष्ठभाग खरवडला जातो, खरवडलं की उघडा धातू हवेला लागतो आणि त्यावर पुन्हा थर धरतो. गाडी धावतेय तोवर हे चक्र चालू. डावीकडचा दिवा कधी मंद झाला नाही म्हणून त्यांनी कधी घासला नाही, आणि तो आजही ०.०६ दाखवत होता. मी भिंग खाली ठेवलं. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता. एखाद्याने दर वर्षी न चुकता, गुडघे टेकून, मनापासून केलेली गोष्ट हळूहळू त्याच वस्तूला खात होती, आणि तरीही ते करताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, टॉर्च धरून. त्या रेघा सुबक होत्या. एकही आडवी गेलेली नव्हती.

"काय सापडलं?" आईने विचारलं.

"कपलर कळकलाय."

"ह्यांनी घासलेला तोच ना?"

"तोच."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एवढं घासूनही कळकला." मी हो म्हटलं. तिच्या त्या 'ही'ला मी हात लावला नाही.

बाबांना वायरिंगमधलं कळत नव्हतं असं मुळीच नाही. एकदा पुढचे हेडलाइट फारच पिवळे वाटायला लागले म्हणून त्यांनी ६०/५५ वॅटचे एच-फोर बल्ब काढून १००/९० चे घातले. महिनाभर रस्ता पांढराशुभ्र दिसला. मग एका रात्री गाडीत जळक्या प्लास्टिकचा उग्र वास भरला. होल्डर तपकिरी पडून एका बाजूने वितळला होता. करंट दुप्पट झाला की जोडातली उष्णता चौपट होते. मूळ जोड तेवढ्यासाठी केलेलाच नव्हता. त्यांनी बल्ब परत जुने घातले आणि मग खरा दोष शोधला. हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येत होता, आणि वाटेतल्या प्रत्येक जोडावर थोडा थोडा सांडत होता. त्यांनी दोन रिले बसवले, म्हणजे स्विचमधल्या थोड्याशा करंटने दिव्याचा मोठा करंट परस्पर चालू-बंद करणाऱ्या डब्या. त्यांच्या खिशातल्या वहीत अजून ते पान आहे, रिलेच्या पायांच्या नंबरांचं: ३० बॅटरीला, ८७ दिव्याला, ८५ अर्थला, ८६ स्विचला, आणि शेजारी प्रत्येक वायरीचा रंग बॉलपेनने. ते दिवे आजही उत्तम लागतात. म्हणजे ज्या माणसाने हेडलाइटच्या बाबतीत दोष बल्बमध्ये नाही, वाटेत आहे हे ओळखलं, तोच माणूस मागच्या दिव्यापाशी दर वर्षी पॉलिश पेपर घेऊन बसायचा. हे दोन्ही खरंच आहे. आणि हेडलाइट स्वतःला दिसतो, ब्रेक लाइट दिसत नाही, हे कारण त्यामागे असेल का, असंही मनात येऊन गेलं.

पुढचं काम बरंच सरळ होतं, एक भाग सोडला तर. कपलरच्या पोटातून पत्ती काढायला तिच्या पाठीवरची बारीकशी जीभ दाबावी लागते. जाड सुईने ती दाबली आणि पत्ती वायरीसकट मागे सरकून आली. वायर पत्तीपासून तोडली, इन्सुलेशन सोललं, तर आतल्या तारा काळ्या. बोटभर आणखी सोललं, तरी काळ्या. बाहेरून ती वायर अगदी निरोगी होती, मऊ, लवचिक, कुठे चीर नाही. पण बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी वातीत तेल चढावं तसं आत चढत जातं, आणि एकदा इन्सुलेशनच्या आत गेलं की वाळत नाही. अशा काळ्या तारेला सोल्डर धरत नाही, टोकाला धातूचं थिंबल दाबून बसवूनही उपयोग होत नाही. तोडत जायचं, तांबं दिसेपर्यंत. मी वीतभर तोडली तेव्हा आतून लालसर, ताजं, चकाकतं तांबं निघालं. इतकं बरं वाटलं की मी ते टोक आईला नेऊन दाखवलं. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "नव्यासारखं आहे."

त्या काळ्या वायरीचं दुसरं टोक डिक्कीच्या अस्तराखाली पत्र्याला आवळलेलं. उरलेले ०.९ व्होल्ट तिथे आणि त्या सडक्या वायरीत मिळून जात होते. अस्तर उचललं तर खाली ओल, आणि कोंदट वास. दिव्याभोवतीचं रबर कडक होऊन आक्रसलं होतं, पाणी तिथून झिरपून नेमकं बोल्टवर उतरत होतं. लोखंडी पत्रा, तांब्याचं थिंबल आणि दोघांमध्ये मळकट पाणी. व्होल्टाने १८०० साली जस्त आणि तांब्याच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी ठेवून पहिली बॅटरी रचली. इथे कोणी न रचता तसलीच एक चिमुकली बॅटरी तयार झाली होती आणि आपलंच लोखंड खात बसली होती. कपलरमध्येही पाणी शिरलं की असंच काहीतरी चालतं, आणि जी पत्ती कायम पॉझिटिव्हला असते ती त्यात सगळ्यात आधी झिजते, तिचा धातूच विरघळून पाण्यात उतरतो. म्हणून आधी रबर बदललं. ते न बदलता वायर बदलली असती तर दोन पावसांनी पुन्हा इथेच वाकले असते. मग बोल्ट सोडवला, पत्र्यावरचा गंज आणि रंग खरवडून थिंबलाएवढा गोल स्वच्छ केला, नवं थिंबल आवळलं, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं.

नवी पत्ती मी मुद्दाम जुन्या मापाची, ६.३ मिलिमीटरची, कल्हई असलेली शोधून आणली. कल्हई असते तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही. नुसता मळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, आणि तरीही नाही निघालं तर पत्तीच बदलायची. सोल्डर केलं नाही. सोल्डर तारांमधून वर चढतं, वायरीचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे हादऱ्याने तार तुटते. पक्कडीने क्रिम्प केलं: पत्तीच्या पुढच्या दोन पाकळ्या उघड्या तांब्यावर आवळल्या, मागच्या दोन इन्सुलेशनवर, म्हणजे ओढ तांब्यावर येत नाही. जोरात ओढून पाहिलं, हललं नाही. वायरीचा जो तुकडा नव्याने जोडला त्या जोडावर आतून डिंक असलेली स्लीव्ह सरकवून तापवली. ती आक्रसत गेली आणि दोन्ही टोकांना डिंकाचा बारीक काठ बाहेर डोकावला, तेव्हा पाणी आता आत जाणार नाही याची खात्री पटली. शेवटी कपलरच्या तोंडाशी सिलिकॉन ग्रीस. ते करंट नेत नाही, पण पत्त्या एकमेकींवर दाबून बसतात तिथून ते आपोआप बाजूला सरतं आणि आजूबाजूच्या फटी भरून ठेवतं. कपलर दाबला. टक.

जुनी पत्ती टाकून देणार होते. मग झिरो पेपरच्या तुकड्यांबरोबर त्याच डब्यात ठेवून दिली.

हे सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली होती. आई मधे दोनदा आत जाऊन आली होती, आता पुन्हा सीटवर येऊन बसली, दार उघडंच ठेवून, एक पाय बाहेर. मी मीटरच्या पिना लावल्या आणि "दाब" म्हटलं. ०.०५. डॅशबोर्डवरचा बाण बघायला सांगितला, तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, अंधार आहे." इंडिकेटरच्या काचेवर हाताची ओंजळ धरून पाहिलं, आतही अंधार. मीटर खाली ठेवून मी दोन पावलं मागे सरले. मागे भिंत होती. तिच्यावर दोन्ही बाजूंनी सारखाच लाल उजेड पडला होता, डावीकडचा आणि उजवीकडचा, मधे कुठे एकमेकांत मिसळले ते कळत नव्हतं, आणि विटांच्या सांध्यांमधल्या सिमेंटच्या रेघासुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

"सोडू?" आईने पुढून विचारलं.

"थांब जरा."